मदत हवी आहे: रोम, पाच दिवस, पाठीवर एकच बॅग आणि जेवण मात्र झकास

रानभाजी: ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं माद्रिदहून रोमला जातोय. तिकीट स्वस्तातलं, त्यात फक्त ४०×३०×२० सेंमीची बॅग फुकट. एक जण सगळं खातो, दुसरी शाकाहारी. कपडे किती न्यावेत? खाऊची वेगळी पिशवी लागेल का? की शाकाहारी माणसाने रोज पिझ्झाच खायचा?

घडीचा डबा: त्या मापात पट्टे, बाहेरचे खिसे, चाकं सगळं धरतात. बॅग फुगते ती २० सेंमीच्या बाजूने, तेव्हा भरून झाल्यावर टेप लावून बघा. चाकांची नकोच. चाकं आणि दांडा जागा खातात, शिवाय जुन्या रोममध्ये काळ्या दगडी ठोकळ्यांची फरसबंदी आहे, फटीत चाक अडकतं. अंगावरचे धरून तीन जोड पुरे. जाड सुती कपडा रात्रभरात वाळत नाही, पॉलिस्टर मिश्रण किंवा मेरिनो लोकर घ्या. धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून पायाने दाबा, मग वाळत घाला. जड बूट आणि जॅकेट अंगावर घालूनच विमानात चढा. सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात. एक ओढणी ठेवा, बरीच कामं भागतात.

खाऊ म्हणाल तर, तो भारतातून आणणार असाल तर लक्षात ठेवा: तिथून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, पनीर विसरा. कढीपत्ताही चालत नाही.

जिरंमिरं: पिशवी घरीच ठेवा. मात्र रोमच्या चार प्रसिद्ध पास्तांपैकी बिनमांसाचा एकच, काचो ए पेपे. कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रीचा या तिन्हींत ग्वांचाले असतं, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. काचो ए पेपेतल्या पेकोरीनो रोमानो चीजसाठीही दूध कोकराच्या जठरातल्या रेनेटने फाडतात. ते चालत नसेल तर पार्मेजानही बाद. भोपळ्याची तळलेली फुलं बघून हुरळू नका, आत मोझरेलासोबत अँचोव्ही मासा दडलेला असतो. सुप्ली या भाताच्या वड्यात बऱ्याचदा खिमा.

खरा आधार मेनूत 'कोन्तोर्नी' (सोबत घ्यायच्या भाज्या) या मथळ्याखाली सापडतो. त्यातली चिकोरिया रिपास्साता मागवाच: कडवट पालेभाजी, आधी उकडून मग ऑलिव्ह तेलात लसूण आणि लाल मिरचीवर परतलेली. मेथी आवडणाऱ्याला दुसरी प्लेट लागते. विचारताना नुसतं 'सेंत्सा कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून थांबू नका, 'सेंत्सा पेश्शे, सेंत्सा आलीची' (मासा नको, अँचोव्ही नको) हेही जोडा. मांस नको म्हटल्यावर मासा चालत असेल असं गृहीत धरणारे बरेच.

रानभाजी: वा! आणि नाश्ता? हॉटेलात मिळणार नाहीये. पाणीही विकतच घ्यायचं का?

जिरंमिरं: नाश्ता बारमध्ये. तिथला बार म्हणजे आपलं कॉफीचं दुकान. गर्दीच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, पावती काउंटरवर ठेवायची आणि उभ्यानेच कापुचिनो-कोर्नेत्तो (क्रोसाँसारखा गोड पाव). खुर्चीत बसलात की तीच कॉफी महाग होते. दुपारी 'पिझ्झा आल तालियो', वजनावर. भाव कधी किलोचा लिहितात, कधी एत्तोचा (१०० ग्रॅम), तो आधी नीट वाचा. सुरी कुठे चालवायची ते बोटाने दाखवायचं, गप्प राहिलात तर तुकडा मोठाच पडतो. पिझ्झा रोस्सावर नुसता टोमॅटो असतो.

रात्री चांगली स्वयंपाकघरं साडेसातच्या आसपास उघडतात. चार वाजताही जेवण वाढणारं आणि दारात माणूस उभा करून बोलावणारं ठिकाण दिसलं की पुढे चला. रोम ज्यात येतं त्या लाझिओ प्रांतात 'कोपेर्तो' (टेबलावर बसण्याचा माणशी आकार) लावायला मनाई आहे, म्हणून बिलात 'पाने' असा ब्रेडचा आकार येतो. नको असेल तर टोपली आल्या आल्या परत करा.

घडीचा डबा: पाणी विकत कशाला? रिकामी बाटली विमानतळाच्या तपासणीतून नेता येते. शहरभर नासोनी नावाचे ओतीव लोखंडाचे नळ अखंड वाहतात, पाणी पिण्याचंच. तोटीचं तोंड बोटाने बंद केलं की वरच्या बारीक भोकातून धार उसळते, तिलाच तोंड लावायचं. बोट हळू दाबा, नाहीतर समोरचा भिजतो.