न्यूट्रिशनच्या बीएस्सीसाठी ६ लाखांचं कर्ज: पगारातून फिटेल का?

ऐरोलीकर_बाबा
मुलगी बारावी सायन्स झाली, तिला न्यूट्रिशनच करायचंय. नवी मुंबईतल्या एका खासगी विद्यापीठात बीएस्सीची फी वर्षाला २ लाख. दुसरा पर्याय मुंबईतलं अनुदानित होम सायन्स कॉलेज. तिथे फी त्या मानाने किरकोळ, पण रोज ऐरोली-ठाणे-दादर करत जायचं. बँक १० टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. जाहिरातींत फ्रेशर डाएटिशियनला महिना २५ हजार सीटीसी (मालकाचा तिच्यावरचा एकूण खर्च) दिसतं. हप्ता निघेल का? शैक्षणिक कर्जावरची आयकरातली ८०ई ची सूट आणि मुलींना फी माफी, हेही कानावर आलंय.

हप्ता_हिशेब
२५ हजार सीटीसी हातात पडत नाही. बेसिक १५ हजार धरलं तर मालकाचा पीएफ १,८०० त्यातच मोजलेला असतो, तिचे १,८०० वेगळे कापले जातात, ग्रॅच्युइटीही बऱ्याचदा सीटीसीतच. हातात २०-२१ हजार. व्यवसाय कर मात्र कापला जात नाही, महाराष्ट्रात महिलांना महिना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे.

आता कर्ज. दरवर्षी २ लाख उचलले, तर व्याज पहिल्या उचलीपासून सुरू होतं. कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नाही, याचा अर्थ व्याज नाही असा होत नाही. सरळव्याजाने चार वर्षांत ८०, ६० आणि ४० हजार, एकूण १ लाख ८० हजार साचतात. हप्ता सुरू होतो तो ७.८ लाखांवर. १० वर्षांसाठी महिना साधारण १०,३००. पगाराचा अर्धा गेला. १५ वर्षं केली तर ८,४०० च्या आसपास, पण एकूण भरणा १२.४ लाखांवरून १५ लाखांवर जातो.

उलट बाजूने मोजा. हप्ता हातातल्या पगाराच्या पावपटीत, म्हणजे ५,२५० मध्ये बसवायचा असेल, तर १० वर्षांच्या मुदतीत सुरुवातीला शिल्लक ४ लाखांपेक्षा जास्त नको. कोर्सच्या आणि त्यानंतरच्या एका वर्षात व्याज भरत गेलात (पहिल्या वर्षी महिना १,६६७, मग ३,३३३, मग ५,०००) तर ६ लाखांचे ६ लाखच राहतात आणि हप्ता ७,९०० वर येतो. हे व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्याला बऱ्याच बँका व्याजदरात १ टक्का सवलतही देतात. मंजुरीपत्रात तसं लिहून घ्या.

८०ई फक्त व्याजावर, आठ वर्षं, तेही जुन्या करप्रणालीत. २० हजार पगारावर मुळात करच बसत नाही, मग सूट कशातून घेणार? तुम्ही स्वतः कर्जदार असाल, व्याज तुम्ही भरत असाल आणि जुन्या प्रणालीत असाल तरच तुमच्या कामाची.

फी माफीचं म्हणाल तर जुलै २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. काउन्सेलर गोड बोलतील, तुम्ही जीआर वाचा.

डाएट_किचन
हिशेब बरोबर आहे, पण प्रश्नच अर्धा विचारलाय. या क्षेत्रात बीएस्सी ही पहिली पायरी. इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षा द्यायला एमएस्सी किंवा डाएटेटिक्सचा पीजी डिप्लोमा आणि वर हॉस्पिटलात सहा महिने इंटर्नशिप लागते. इंटर्नशिपला बहुतेक ठिकाणी स्टायपेंड नाही, काही हॉस्पिटलं उलट फी घेतात. म्हणजे एमएस्सी धरली तर बारावीनंतर साडेपाच वर्षं. त्यातल्या पहिल्या तीनच वर्षांत ६ लाख संपवले, तर एमएस्सीच्या वेळी घरात पैसे नाहीत आणि बँकही कुरकुरते. नुसत्या बीएस्सीवर जिम आणि डाएट अॅपवाले घेतात, पण तिथे पगार इन्सेन्टिव्हवर, काम पॅकेज विकायचं.

हॉस्पिटलच्या मुलाखतीत कॉलेजची इमारत कोणी विचारत नाही. ६० किलोचा डायलिसिसवरचा पेशंट दिला, प्रोटीन किती? ६० ते ७२ ग्रॅम हे झटकन यायला हवं. पोटॅशियम वाढलंय, मग पालेभाजी कशी द्याल? बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी फेकून. सोबत नारळपाणी बंद. हे वॉर्डात आणि किचनमध्ये उभं राहून येतं. म्हणून बीएस्सी स्वस्तात करा, कर्जाची ताकद एमएस्सीसाठी राखा. जुहूचं एसएनडीटी किंवा न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन बघा. निर्मला निकेतनला दादरला गाडी न बदलता सीएसएमटीहून चालत जाता येतं.

कळवा_फास्ट
बीएस्सीनंतर नोकरी धरून एमएस्सी डिस्टन्सने केली तर? कर्जच नको.

डाएट_किचन
तो रस्ता बंद झाला. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून फूड अँड न्यूट्रिशन सायन्स आणि क्लिनिकल न्यूट्रिशन-डाएटेटिक्सला डिस्टन्स वा ऑनलाइन नवे प्रवेश देऊ नका, असं यूजीसीने विद्यापीठांना सांगितलंय. २०२१ च्या एनसीएएचपी कायद्यात (आरोग्यसेवेतल्या सहयोगी व्यवसायांचा कायदा) डाएटिशियन, न्यूट्रिशनिस्ट दोघेही येतात, त्याचा हा परिणाम. खासगी विद्यापीठालाही विचारा: त्यांची पदवी त्या कायद्याच्या किमान ३,६०० तासांच्या अटीत बसते का, आणि इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात? उत्तर ईमेलवर मागा. फोनवरचं 'हो हो, सगळं अप्रूव्हड आहे' कामाचं नाही.

ऐरोलीकर_बाबा
समजा अनुदानितला गेली आणि एमएस्सीला कर्ज काढलं. मधल्या इंटर्नशिपचं काय?

हप्ता_हिशेब
कोर्स संपल्यावरच्या एका वर्षात सहा महिने बसतात, पण निकाल लांबतात, आरडी परीक्षेची तारीख पुढे असते, आणि नोकरी लागायच्या आत हप्ता दारात येतो. एक-दोन हप्ते चुकले तरी सहकर्जदार म्हणून तुमच्या सिबिलवर नोंद जाते. तीन हप्त्यांएवढी रक्कम वेगळी ठेवा. कर्ज ४ लाखांच्या आत असेल तर मार्जिन (खर्चातला स्वतःचा वाटा) आणि तारण लागत नाही. आणि बँक कर्जासोबत विम्याचा प्रीमियम जोडते का, ते सही करण्याआधी विचारा. बऱ्याचदा तो कर्जाच्या रकमेतच मिळवतात आणि त्यावरही व्याज चढतं.