पंख्याच्या पात्याचा 'पिच': कोन, कल की ढाळ?

पर्णिका
मोठ्या वातानुकूलन यंत्रणेच्या देखभाल-पुस्तिकेचं मराठी करते आहे. तिच्यात दोन प्रकारचे पंखे आहेत. पहिल्यात पंखा थांबवून, नट सैल करून एकेक पातं हाताने फिरवायचं आणि पुन्हा आवळायचं: 'ॲडजस्टेबल पिच'. दुसऱ्यात पंखा फिरत असतानाच हबमधली (पाती ज्यात बसवतात त्या मधल्या भागातली) यंत्रणा सगळी पाती एकदम वळवते: 'व्हेरिएबल पिच'. मी 'समायोज्य' आणि 'परिवर्ती' लिहिलं. संपादकांच्या मते दोन्हींचा अर्थ 'बदलता येणारा' एवढाच लागतो, आणि हा घोळ जिवावर बेतू शकतो. शिवाय पिचला त्यांनी 'उतार' सुचवला आहे, तो मला पटत नाही. काय लिहावं?

आटेपीळ
आधी मुळातला गोंधळ काढू. पिच म्हणजे कोन नव्हे, अंतर आहे. एकेरी आट्याचा स्क्रू एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकतो तो त्याचा पिच. पंख्याचंही तेच: 2π गुणिले त्रिज्या गुणिले कोनाचा टॅन्जंट. अर्ध्या मीटर त्रिज्येवर पात्याचा कोन 20 अंश असेल तर पिच साधारण 1.14 मीटर. पुस्तिकेत अंश दिले असतील तर सरळ 'पात्याचा कोन' लिहा.

ढाळवाला
'उतार' नको हे मान्य, पण 'ढाळ' का नको? छपराला ढाळ असतो, न्हाणीच्या फरशीला असतो, सांडपाण्याच्या नळाला असतो. 'ढाळ देणे', 'ढाळ काढणे' ही क्रियापदं आयती मिळतात. 'पात्यांना दोन अंश ढाळ वाढवा' हे कुणालाही कळेल.

आटेपीळ
ढाळ पाणी वाहून जावं म्हणून देतात, तो खालच्या दिशेनेच असतो. पात्याचा कोन फिरण्याच्या प्रतलापासून मोजतात. पंखा भिंतीत उभा बसवला तर तुमचा ढाळ कुठल्या बाजूला धरायचा?

टॉर्कपाना
शब्द कुठलाही घ्या, 'कोन कुठे मोजायचा' हे त्या वाक्यात आलंच पाहिजे. पात्याला पीळ असतो: हबजवळ कोन जास्त, टोकाकडे कमी. त्यामुळे नुसतं '12 अंश' म्हणजे काहीच नाही. उत्पादकाने सांगितलेल्या जागी, बहुधा टोकाजवळ, खूण करून प्रत्येक पात्यावर तिथेच कोनमापक टेकवायचा. उभ्या दांड्याच्या कूलिंग टॉवर पंख्यात प्रत्येक पातं फिरवून एकाच ठिकाणी आणायचं आणि तिथे मोजायचं, कारण दांडा किंचित कललेला असला तरी मग फरक पडत नाही. पात्यापात्यांत अर्ध्या अंशाहून जास्त तफावत ठेवू नये. पाती वजनाने संतुलित असूनही पंखा थरथरतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं: एक पातं बाकीच्यांपेक्षा जास्त हवा ढकलत असतं.

या सगळ्याआधी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप आणि पंखा आपोआप फिरू नये म्हणून अडसर. वाऱ्यानेसुद्धा पंखा फिरतो.

शुद्धमती
'पिच' देवनागरीत जसाच्या तसा ठेवू नये. मराठीत तो खेळपट्टीलाही वापरतात, स्वराच्या उंचीलाही. 'पीळ' हा अस्सल शब्द असताना उसनवारी कशाला?

टॉर्कपाना
पीळ पात्यात घडवलेलाच असतो, तो बदलत नाही. बदलतो तो बुडाशी बसवलेला कोन. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर वाचणारा पातं पिरगळायला जाईल. आणि पात्याच्या आडव्या छेदाला जो 'बाक' असतो तो तिसराच. पीळ, बाक, कोन हे तिन्ही शब्द वेगवेगळे ठेवा.

वातायन
आणखी एक इशारा पुस्तिकेत हवा. कोन वाढवला की हवा वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे हवा पात्याच्या पाठीवरून सुटते, प्रवाह घटतो, पंखा धडधडतो आणि वीज मात्र खर्च होतच राहते. म्हणून कोन बदलल्यावर मोटरचा करंट तिच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहायचा. उन्हाळ्यात मोटरच्या मर्यादेच्या अगदी काठावर बसवलेला कोन हिवाळ्यात मोटरला जड जातो, कारण थंड हवा जास्त दाट असते.

खरं तर आता पात्यांचा कोन कशाला बदलायचा? मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह लावून वेग कमी करा. वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्म्यावर येते.

टॉर्कपाना
वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते हा नियम सगळा दाब हवेच्या वाहिनीतल्या घर्षणाचा असेल तेव्हा. वाहिनीत ठरावीक दाब कायम राखायचा असेल तर बचत त्याहून कमी. चालू पंख्यात पाती वळवण्याने प्रवाह झटपट बदलतो, हा त्याचा गुण. उलट हबमधली बेअरिंगं आणि जोडदांडे वंगणाविना अडकले की काही पाती वळतात, काही तशीच राहतात.

शुद्धमती
मग डॅम्परला, म्हणजे वाहिनीतली हवा अडवणाऱ्या पट्ट्यांच्या चौकटीला, तरी 'झडप' म्हणा.

ढाळवाला
झडप व्हॉल्व्हलाही म्हणतात. आणि डॅम्परच्या पट्ट्या दोन तऱ्हेने मिटतात. सगळ्या एकाच दिशेने वळणाऱ्या नुसत्या उघड-बंदला किंवा दोन प्रवाह मिसळायला ठीक. शेजारच्या दोन उलट दिशेने वळणाऱ्या असल्या तर प्रवाह हळूहळू आवरता येतो. 'झडप' म्हटल्यावर हा भेद सांगायला आणखी शब्द लागणारच.

पर्णिका
माझा प्रश्न राहिलाच. 'थांबवून बदलायचा पाते-कोन' आणि 'चालता बदलणारा पाते-कोन' कसं वाटतं?

आटेपीळ
लांब आहे, पण हात कुठे घालायचा नाही ते कळतं. माझं मत याला.

शुद्धमती
ही संज्ञा नव्हे, वर्णन झालं. 'स्थिरबदल' आणि 'चलबदल' करा.

वातायन
'स्थिरबदल' वाचून 'बदल स्थिर आहे' असा अर्थ निघेल. आणि सेंट्रिफ्युगल (हवा मधून ओढून कडेने फेकणाऱ्या) पंख्याच्या तोंडाशी ज्या वळत्या पट्ट्या असतात त्यांचं काय? त्या आत येणाऱ्या हवेला पंख्याच्याच दिशेने आधी गिरकी देतात, म्हणून पंख्यावरचा भार उतरतो. उलट्या बसल्या तर भार वाढतो. त्यांनाही कोन आहे, तो चालू पंख्यातच बदलतो, पण त्या स्वतः पंख्याबरोबर फिरत नाहीत. त्यांना 'पाती' म्हणायचं की 'पट्ट्या'?

ढाळवाला
जे पंख्याबरोबर फिरतं तेच पातं.

आटेपीळ
चाकूचं पातं कुठे फिरतं?