मुलांचा आरडाओरडा आणि शिकाऊ वादकांचा रियाज: शेजाऱ्यांनी किती सोसायचं?

अंगणवाला

आमच्या इमारतीच्या येत्या बैठकीत एक ठराव येतोय. कलम पहिलं: आवारात मुलांनी आरडाओरडा करत खेळायचं नाही. कलम दुसरं: घरात कुठलंही वाद्य वाजवायला बंदी, दिवस असो की रात्र. मी विरोधात मत देणार आहे. का, ते सविस्तर मांडतो. उलट मतं हवीच आहेत, फक्त मुद्द्याला धरून यावीत.

या ठरावात ड्रिल मशीनचा उल्लेख नाही. पाण्याच्या पंपाचा नाही, गाडी मागे घेताना वाजणाऱ्या भोंग्याचा नाही, भिंतीपलीकडच्या टीव्हीचाही नाही. हे आवाज आपण वर्षानुवर्षं निमूटपणे ऐकतो, कारण कुणाला बोलायचं ते कळत नाही किंवा बोलायची हिंमत होत नाही. दहा वर्षांच्या मुलाला मात्र गॅलरीतून एकदा खडसावलं की तो गप्प होतो. दटावता येतं म्हणूनच त्याचा आवाज जास्त खुपतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलं पकडापकडी खेळत असताना कधी नीट ऐका. निम्मा आवाज वादाचा असतो. कोण आऊट, हात लागला की नाही, आता राज्य कोणावर. तिथल्या तिथे नियम ठरतात, मोडतात, पुन्हा ठरतात. हे कुजबुजत होत नाही. आवाज बंद करा म्हणजे खेळच बंद करा. आणि १९८९च्या आंतरराष्ट्रीय बालहक्क करारातल्या ३१व्या कलमात खेळणं हा मुलांचा हक्क मानलेला आहे.

जर्मनीत पाळणाघरं आणि खेळाची मैदानं यांच्याविरुद्ध शेजारी कोर्टात जायचे. २०११ साली तिथे कायदाच बदलला: अशा ठिकाणचा मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे घातक प्रदूषण धरायचा नाही. टोकियोनेही २०१५ मध्ये शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांचे आवाज डेसिबलच्या मर्यादेतून वगळले. दोन्ही समाज शांततेच्या बाबतीत ढिले म्हणून ओळखले जात नाहीत.

आता वाद्यांचं. एका ट्रम्पेटवादकाच्या शेजाऱ्यांनी त्याच्यावर दावा लावला होता, दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. २०१८ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की सरसकट बंदी घालता येणार नाही. ढोबळ मर्यादा म्हणून कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी-सुट्टीच्या दिवशी एक ते दोन तास, विश्रांतीच्या वेळा सोडून. त्या निकालातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की पोटासाठी वाजवणाऱ्याला आणि हौसेने वाजवणाऱ्याला न्यायालयाने एकाच पंगतीला बसवलं. वाईट वाजवणाऱ्यालाही वाजवायचा तितकाच हक्क आहे. कारण चांगलं वाजवणारा प्रत्येक जण आधी वाईटच वाजवत होता, आणि तेही कुणाच्या तरी कानावर पडतच होतं.

रात्रपाळी

मी रुग्णालयात रात्रपाळी करते. सकाळी नऊला झोपते, तीनला उठते. तुम्ही ज्याला "दिवसाची वेळ" म्हणता ती माझी रात्र आहे.

जर्मनीचा कायदा पाळणाघरांना आणि मैदानांना लागू आहे, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. तो माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी अकराला टाचा आपटत पळणाऱ्या मुलाबद्दल बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली समाजातल्या गोंगाटाबद्दल मार्गदर्शक मर्यादा दिल्या. त्यात झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबल आणि एखादा सुटा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय. वरून पडलेला लाकडी ठोकळा ही मर्यादा सहज ओलांडतो. ठोकळा पडतो, मी दचकून उठते, मग पुढचा ठोकळा कधी पडेल याची वाट बघत जागी राहते. झोप खरी तिथे जाते.

आणि ज्याला दटावता येतं त्याचाच त्रास होतो, हे अजिबात पटलं नाही. मी एकाही मुलाला कधी दटावलेलं नाही. मी त्यांच्या आईवडिलांशी बोलले. उत्तर आलं, "मुलंच आहेत, चालायचंच." अपुऱ्या झोपेत माझ्या हातून औषधाची मात्रा चुकली तर तिथे "चालायचंच" म्हणता येणार नाही.

पन्नाशीतला_शिष्य

मी उतारवयात व्हायोलिन शिकायला लागलो. त्यामुळे दुसऱ्या कलमातला आरोपी मीच.

शेजाऱ्यांना नेमकं काय छळतं ते मला ठाऊक आहे. मोठ्या आवाजापेक्षा अर्धवटपणा जास्त छळतो. पहिल्या जागेवरून तिसऱ्या जागेवर बोट सरकवायचं असतं. स्वर थोडा खाली लागतो. थांबायचं, पुन्हा तीच ओळ, पुन्हा तिथेच अडखळायचं. ऐकणाऱ्याचा कान मनातल्या मनात ओळ पुरी करू पाहतो आणि दर वेळी ती हातातून निसटते. सबंध राग बेसूर वाजवला तरी एक वेळ चालेल, पण ही तुटलेली ओळ माणसाला चिडवते.

मी घोडीवर, म्हणजे तारांना खालून आधार देणाऱ्या लाकडी पट्टीवर, आवाज दाबणारा रबराचा जाड म्यूट चढवतो. आवाज बराच दबतो. पण गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी, कुठे किती दाबायचा हे म्यूट लावून शिकता येत नाही, कारण चूक झाली तरी कानाला नीट कळत नाही. म्हणून थोडा वेळ तरी उघडं वाजवावंच लागतं. तो वेळ मी शेजाऱ्यांना विचारून संध्याकाळचा ठेवलाय. एका शेजाऱ्यांनी मंगळवार नको म्हणून सांगितलं, मंगळवारी म्यूट.

"हेडफोन लावून कीबोर्ड वाजवा" असा सल्ला कुणी देण्याआधीच सांगतो: व्हायोलिन शिकणाऱ्याला कीबोर्ड द्या म्हणणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला सायकल देणं.

शांतताप्रिय

धागाकर्त्यांशी पूर्ण असहमत. हौस तुमची, कान आमचे?

हा वाद आजचा नाही. गणनयंत्रांचा जनक चार्ल्स बॅबेज लंडनमध्ये रस्त्यावरच्या वादकांनी हैराण झाला होता. त्याने जाहीर मोहीम चालवली, लोकांनी त्याची टिंगल केली, तरी १८६४ मध्ये लंडनमधल्या रस्त्यावरच्या वादकांना हटवायला लावण्याचा कायदेशीर अधिकार रहिवाशांना मिळालाच. घरात बसून डोक्याचं काम करणाऱ्यांच्या बाजूने त्या वेळी कायदा उभा राहिला. आज घरून काम करणारे तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

मुलांबद्दल एकच सांगतो. रेल्वेच्या डब्यात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात आज जो आवाज असतो त्यातला अर्धा मुलांचा नसतोच. तो त्यांच्या हातातल्या मोबाइलचा असतो. आईवडील कार्टून लावून देतात, स्पीकर पूर्ण मोठा, आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसतात. हेही "बालहक्क" म्हणून सहन करायचं का?

दोघांची_आई

मोबाइलबद्दल शंभर टक्के सहमत. तो आवाज मोठ्यांनी लावलेला असतो आणि मोठ्यांना बंद करता येतो. त्यावर बंदी घाला, मी पहिला हात वर करेन.

पण विमानात रडणाऱ्या बाळाला त्या रांगेत बसवू नका. विमान खाली उतरताना हवेचा दाब बदलतो, बाळाला कान मोकळे करता येत नाहीत, दुखतं. अंगावर पाजलं किंवा चोखणी दिली तर गिळण्याने थोडा आराम पडतो, पण झोपलेलं बाळ नेमकं उतरतानाच जागं झालं की उशीर झालेला असतो. त्या वेळी आजूबाजूच्या चेहऱ्यांवरचा राग आईला दिसतो आणि त्या रागाने बाळ काही शांत होत नाही.

माझ्या मोठ्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. तो आनंदात असला की मोठ्याने किंचाळतो. आणि मिक्सर सुरू झाला की कानावर हात दाबून पलंगाखाली जातो. आता सांगा, या चर्चेत मी कुठल्या बाजूला उभी राहू? त्याला आवाज करायची मोकळीकही हवी आणि शांतताही हवी, दोन्ही एकाच दिवसात. "मुलांच्या बाजूने" बोलणारे गोंगाटाचा मुलांवर होणारा परिणाम विसरतात. न्यूयॉर्कमध्ये उन्नत रेल्वेमार्गाला लागून एक शाळा होती. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडत होती.

ध्वनीवाला

काम ध्वनिनियंत्रणाचं, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो. इमारतीतली निम्मी भांडणं चुकीच्या उपायांमुळे चिघळतात.

आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून, म्हणजे बोलणं, गाणं, बासरी. दुसरा बांधकामातून: टाचा, ठोकळे, ओढलेल्या खुर्च्या, ड्रमचं पेडल. पहिला फटीतून शिरतो, म्हणून दाराखालची फट बंद केली तरी फरक जाणवतो. दुसऱ्याला फटीचं काही घेणंदेणं नाही, तो थेट स्लॅबमधून उतरतो. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक ड्रम घेऊन हेडफोन लावणाऱ्याला वाटतं आपण किती समंजस, आणि खालच्या घरात मात्र पेडलचा धप-धप ठोका जसाच्या तसा पोहोचतो. तिथे उपाय ड्रमच्या खाली करायचा: लवचिक आधारावर ठेवलेला वेगळा लाकडी मंच. रात्रपाळींच्या वरच्या घरातही तेच, खेळायच्या जागेत जाड मऊ चटई. मुलाला गप्प करण्यापेक्षा चटई टाकणं सोपं आहे.

भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम लावू नका. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, आवाज पलीकडे जायचा थांबत नाही. थांबवायला वजन लागतं, आणि भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी साधारण सहाच डेसिबल मिळतात. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज सुमारे निम्मा वाटतो. तेव्हा बांधकामातून सगळं सुटेल ही आशा सोडा, वेळा ठरवाव्याच लागतील.

अंगणवाला

रात्रपाळी, तुमच्या बाबतीत "मुलंच आहेत" हे उत्तर मलाही संतापजनक वाटतं. शेजाऱ्याने सहन करावं असं म्हणायचा अधिकार आवाज करणाऱ्याला नाही. त्याने विचारायला जायचं असतं, पन्नाशीतले शिष्य गेले तसं.

शांतताप्रिय, बॅबेजची गोष्ट अर्धीच सांगितलीत. पॅरिसच्या मेट्रोत १९९७ पासून वादकांची निवडचाचणी होते, लंडनच्या भुयारी रेल्वेने २००३ मध्ये परवाने देऊन ठरलेल्या जागा नेमून दिल्या. हाकलण्यापेक्षा जागा आणि वेळ देणं त्यांना जमलं. अर्थात तिथे निवडून आलेलेच वाजवतात. नवशिक्याला तिथेही जागा नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्याच्याबद्दल आहे. आपल्याकडे तळमजल्याचा हॉल दुपारभर कुलूपबंद असतो. तो उघडा.

आणखी एक. १९७०च्या आसपास ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना नकोसा गोंगाट ऐकवला. त्यातल्या काहींना एक बटण दिलं: असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही, तरी पुढच्या कोड्यांत ते इतरांपेक्षा जास्त चिकाटीने टिकले. आवाज दोन्ही गटांना तोच होता. मला शेजाऱ्याकडे असं बटण असायला हवंय. म्हणजे ठरलेली वेळ आणि उचलला जाणारा फोन.

शांतताप्रिय

बटण दाबलं तर आवाज खरंच थांबेल, असा त्या लोकांना विश्वास होता. आमच्याकडे तीन वेळा सांगूनही कुणी ढिम्म हलत नाही. आधी विश्वास कमवा, मग प्रयोग सांगा. हॉल उघडायला हरकत नाही. पण रविवारी सकाळी वाद्य नकोच, यावर मी ठाम आहे.

अंगणवाला

मग पर्यायी ठराव असा मांडतो. हॉल दुपारी तीन ते रात्री आठ रियाजासाठी उघडा. घरात वाद्य रोज जास्तीत जास्त दोन तास, वेळ दारावर लिहिलेली, रविवारी सकाळी नाही. आवारात खेळ संध्याकाळी मोकळेपणाने, ओरडण्यावर बंधन नाही. मोबाइलचा स्पीकर सामायिक जागेत कधीच नाही. वरच्या मजल्यावर लहान मूल असेल तर चटई. आणि ड्रिल मशीनलाही हेच वेळेचं बंधन.

रात्रपाळी

ड्रिलचं कलम घातलंत ते बरं केलंत, माझ्या तक्रारीतला मोठा वाटा त्याचाच आहे. हॉल तीनला उघडणार असेल तर माझी काही हरकत नाही, खाली काय वाजवायचं ते वाजवा. घरातल्या वाद्यासाठी "दोन तास" एवढंच लिहून भागणार नाही. "ज्या घरात कुणी दिवसा झोपतं, त्या घराच्या वर-खाली आणि बाजूला दुपारी तीनच्या आधी नाही" असं स्पष्ट लिहा. चटईही तोंडी नको, ठरावात हवी, महिन्याची मुदत घालून. एवढं असेल तर माझं मत तुमच्या ठरावाला. नसेल तर मी बंदीला मत देईन, आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही.