भाऊ जेलमध्ये आहे, गर्द सुटलंय असं आई म्हणते, पण बाहेर आल्यावर काय?

मधलीबहीण:
नमस्कार, कुठे विचारायचं कळत नाही म्हणून इथे टाकतेय. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं गर्द, म्हणजे हेरॉइन ओढायचा. थोड्या मालासकट पकडला गेला आणि आता मुंबईजवळच्या एका जेलमध्ये कच्चा कैदी आहे. त्याआधी तो सरकारी ओएसटी सेंटरवर, म्हणजे गर्दऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देतात तिथे, रोज जिभेखालची गोळी घ्यायला जायचा, तेव्हा खरंच माणसात आला होता, कामाला जायचा, आईला पैसे द्यायचा, मग मधेच कामाच्या वेळा बदलल्या, सेंटरला जाणं सुटलं आणि परत सुरू. जेलमध्ये पहिला आठवडा नुसता टर्कीत, म्हणजे नशा तुटल्याच्या त्रासात गेला, उलट्या, जुलाब, अंग ठणकतंय, झोप नाही, बराकीतल्या पोरांनीच पाणी पाजलं. औषध काय मिळालं तर दुखण्याची गोळी. आता भेटीला गेलं की बरा दिसतो, गाल भरलेत. आई म्हणते देवानेच आत घातला, सुटलं एकदाचं. वकील म्हणतात जामीन लवकरच होईल, आणि मला मात्र ते ऐकून धडकी भरते. जेलमध्ये ही ट्रीटमेंट मिळतच नाही का? मागायची कोणाकडे?

प्रॉव्हिडन्सकर:
ताई, तुमची भीती अगदी खरी आहे, आईंना समजावून सांगा. मी अमेरिकेत ऱ्होड आयलंडला नर्स आहे, आमच्या क्लिनिकला जेलमधून सुटलेले पेशंट येतात. आत असताना शरीराची सवय मोडते पण डोक्यातली ओढ तशीच राहते. मग माणूस बाहेर येतो, जुना अड्डा, जुने मित्र, आणि आधी पचायचा तेवढाच डोस घेतो. आता तेवढा सोसत नाही, श्वास मंद होत होत थांबतो. वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३० हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरायचा धोका तिथल्या इतर लोकांपेक्षा १२९ पट निघाला. १२९ टक्के नाही, पट.

म्हणून आमच्या राज्याने २०१६ मध्ये जेलमध्येच औषधं द्यायला सुरुवात केली. आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, आधीपासून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (गर्दची ओढ आणि टर्की थांबवणारी औषधं, तुमच्या भावासारख्यांना जिभेखाली देतात ते ब्युप्रेनॉर्फिन) चालू असेल तर तोडत नाहीत, नसेल तर सुरू करतात, आणि सुटल्यावर बाहेरच्या क्लिनिकला जोडून देतात. २०१६ आणि २०१७ चे पहिले सहा-सहा महिने ताडून पाहिले तर ओव्हरडोसने गेलेल्यांमध्ये नुकतेच जेलमधून सुटलेले २६ होते ते ९ वर आले. आकडे लहान आहेत पण छोटं राज्य आहे, आणि इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासातही हेच दिसलंय, औषधावर असताना सुटलेल्यांमध्ये पहिल्या चार आठवड्यांतले मृत्यू ७५ टक्क्यांनी कमी.

सातारकर_रामभाऊ:
कोणाला राग येऊ नये म्हणून आधीच सांगतो, वाईट हेतू नाही. माझ्या मेव्हण्याची दारू केंद्रात राहून, मीटिंगला जाऊन सुटली, गोळ्याबिळ्या काही नाहीत. ह्या पोराच्या अंगातून गर्द निघून गेलंय, मग परत अफूच्याच जातीची गोळी कशाला? एक नशा काढून दुसरी लावल्यासारखं नाही का ते? जेलमध्ये समुपदेशन द्या, काम द्या, योगा द्या.

लोकलचा_प्रवासी:
रामभाऊ काका, मी गर्दुल्ला होतो म्हणून सांगतो. समुपदेशन पाहिजेच, मला त्याचाही खूप फायदा झाला. पण ब्युप्रेनॉर्फिनची गोळी नीट डोसवर बसली की किक नसते, टर्कीपण नसते, सकाळी घेतली की दिवसभर माणूस कामावर उभा राहतो आणि वरून गर्द ओढलं तरी फारसं लागत नाही. साखरेच्या पेशंटला आपण म्हणत नाही की आता शुगर नॉर्मल आलीये, इन्सुलिन बंद कर. मी आत काही महिने कोरा होतो, सगळ्यांना वाटलं सुटलं, आणि बाहेर आल्यावर लगेचच मित्राने मला बेशुद्ध उचलून हॉस्पिटलला नेलं. तो पळून गेला असता तर आज मी हे टाइप करत नसतो. अजून एक, आत माल येतच नाही हा भ्रम काढून टाका, काही जेलमध्ये सुईसुद्धा असते आणि एकच सुई दहा जणांत फिरते, एचआयव्ही आणि कावीळ सी तिथूनच पसरते. नॅको, म्हणजे सरकारची एड्स नियंत्रण संस्था, ह्या ओएसटीला पैसे देते त्याचं मूळ कारणच ते.

वकील_ठाणे:
मधली ताई, जेलमध्ये हे बसत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. दिल्लीच्या तिहारमध्ये २००८ पासून ब्युप्रेनॉर्फिन दिलं गेलंय, एम्सच्या मदतीने. पंजाबात जेलच्या आत हीच गोळी देणारी सरकारी ओओएटी क्लिनिक आहेत. गोळी लपवून विकतील ही भीती असते, म्हणून ती चुरून जिभेखाली देतात आणि विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवतात. म्हणजे होऊ शकतं, प्रश्न इच्छेचा आणि डॉक्टरांच्या रिकाम्या जागांचा आहे.

तुम्ही ओएसटी सेंटरवरून त्याची नोंद आणि डोस लिहिलेला कागद घ्या. जेलच्या मेडिकल ऑफिसरला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तोच कागद जोडून वकिलांमार्फत कोर्टात अर्ज टाका की उपचार द्यावेत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जशी जोडलेले आजार येतात आणि कलम १०३ कैद्यांसाठीच आहे, त्याचा उल्लेख करायला सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील हा हक्क आहे, उत्पन्न बघत नाहीत. माल किती होता ते नीट तपासा. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर ती कमी मात्रा धरतात, मग एनडीपीएसचं (अमली पदार्थांच्या कायद्याचं) कलम ६४ए आणि दोषी ठरलाच तर कलम ३९ बघता येतं, दोन्हींमध्ये व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचाराची वाट आहे. ६४ए मध्ये उपचार अर्धवट सोडले तर सूट काढून घेऊ शकतात, हे भावाला आत्ताच सांगा.

मधलीबहीण:
सगळ्यांचे खूप आभार. माल ५ ग्रॅमच्या आतच लिहिलाय. कागद उद्याच आणते. पण समजा आत काही मिळालंच नाही आणि जामीन झाला, तर?

प्रॉव्हिडन्सकर:
तर सुटायच्या आधीच सेंटरच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा. एवढे दिवस कोरा असेल तर जुना डोस चालणार नाही, अगदी कमीपासून चढवतात, ते डॉक्टरच ठरवतील. नाल्ट्रेक्सोन, म्हणजे गर्दचा परिणामच अडवणारी गोळी, हाही पर्याय असतो, तो सुरू करायला आधी सात ते दहा दिवस अफूवर्गातलं काहीच अंगात नसावं लागतं, पण ती गोळी लोक फार लवकर सोडून देतात म्हणून घरच्यांनी रोज समोर द्यावी लागते. त्याला न भिता, न रागावता स्पष्ट सांगा की आधीचा डोस आता जीव घेईल.

वकील_ठाणे:
आणि सुटका बहुतेक संध्याकाळी होते, जामिनाची ऑर्डर वेळेत जेलच्या पेटीत पडली तर, नाहीतर दुसरा दिवस. तोवर सेंटर बंद झालेलं असतं. गेटवर घरचं कोणीतरी हवंच, त्याला एकट्याला ट्रेनने येऊ देऊ नका.

लोकलचा_प्रवासी:
पहिले काही आठवडे रात्री त्याच्याबरोबर कोणीतरी झोपा. घोरणं विचित्र झालं, ओठ निळे पडले, हलवून उठत नाही तर कुशीवर वळवा आणि १०८ लावा, पोलीस केस होईल म्हणून थांबू नका. ओव्हरडोसवर नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं, जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात ठेवतात ते आधीच विचारून ठेवा. आणि १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, आईंना पण बोलायला द्या तिथे.