नवीन घरच्या कॉम्प्युटरला इंटेल की एएमडी? माझं मत एएमडी, आणि कारण स्पीड नाहीये

चौकस:
घरी नवीन डेस्कटॉप असेंबल करायचाय. जुन्यातला प्रोसेसर इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचा, त्यामुळे तो विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वापर म्हणाल तर ऑफिसचं काम, मुलांचा अभ्यास, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब, फोनवर काढलेल्या व्हिडिओंची काटछाट आणि मुलगा अधूनमधून गेम खेळतो. ग्राफिक्स कार्ड आत्ता नाही, पुढे कदाचित.

मी एएमडीच्या बाजूने आहे आणि घरच्या कॉम्प्युटरला बहुतेकांनी तोच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. बेंचमार्कच्या तक्त्यांत कोण पाच टक्के पुढे कोण मागे यावर भांडण्यात अर्थ नाही, आय५-१४४०० घ्या नाहीतर रायझन ५ ७६०० घ्या, वर्डची फाइल दोन्हीवर पटकनच उघडते. फरक पडतो तो चार-पाच वर्षांनी, मशीन कमी पडायला लागतं तेव्हा. तेव्हा आपल्याकडे रस्ता उरलाय की नाही हे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, ठरवतं.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचंच बघा ना. पहिले रायझन मार्च २०१७ मध्ये आले. त्यावेळी घेतलेल्या कितीतरी बोर्डांवर २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी बसला, नुसता बायोस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून. रॅम तीच, कॅबिनेट तेच, हार्ड डिस्क तीच. तेवढ्या काळात इंटेलने काय केलं? सातवी जनरेशन एलजीए ११५१ सॉकेटवर, आठवी-नववी पण ११५१ वरच पण जुना बोर्ड चालणार नाही, दहावी-अकरावी १२०० वर, बारावी ते चौदावी १७०० वर, आणि ऑक्टोबर २०२४ ला डेस्कटॉपचे कोअर अल्ट्रा आले ते १८५१ वर. म्हणजे आज चौदावी जनरेशन घेतली तर तो बोर्ड पहिल्या दिवसापासूनच शेवटच्या स्टेशनवर उभा आहे. एएम४ नंतरचा एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला, त्यावर रायझन ७०००, ८०००जी, ९००० सगळे चालतात आणि २०२७ पर्यंत व पुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीने जाहीर केलंय.

विरोधी मत असेल तर जरूर मांडा, फक्त "आम्ही कायम इंटेलच वापरत आलोय" हे कारण नको.

हिशोबी:
मी विरोधात. सॉकेटचा मुद्दा ऐकायला छान वाटतो पण नुसता प्रोसेसर बदलतं कोण? ओळखीपाळखीच्या बऱ्याच जणांना मी पीसी जमवून दिलेत. नंतर एसएसडी टाकून घेतली, रॅम वाढवली, कार्ड बदललं, असे खूप आले, पण त्याच बोर्डवर नवा प्रोसेसर टाकून द्या म्हणणारा क्वचित. घरचं मशीन लोक सात-आठ वर्षं ताणतात, आणि तोपर्यंत रॅमची पिढी बदललेली असते, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) थकलेला असतो, सगळंच नवीन घ्यायची वेळ आलेली असते.

दुसरं म्हणजे एएम५ वर डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) शिवाय पर्यायच नाही. तुमच्या जुन्या मशीनमध्ये डीडीआर४ असेल तर ती काढून एलजीए १७०० च्या डीडीआर४ वाल्या बोर्डवर सरळ लावता येते, प्रोसेसर बारावीपासून चौदावीपर्यंत कुठलाही चालेल. पाच वर्षांनंतरच्या एका शक्यतेसाठी तुम्ही आज रॅमचा खर्च वाढवताय. तेच पैसे चांगल्या एनव्हीएमई एसएसडीत घाला, मशीन चालू केल्यापासून बंद करेपर्यंत फरक जाणवेल.

चौकस:
क्वचित येतात कारण इंटेलच्या बोर्डवर बदलून बदलणार काय? फार तर दुसरी जनरेशन. सोयच नसेल तर मागणार कोण. आणि रॅमचं म्हणाल तर माझ्याकडे ८ जीबीची एकच स्टिक आहे, तीही जुन्या स्पीडची. ती वाचवायला सगळा पीसी तिच्याभोवती बांधायचा हे मला पटत नाही.

नवखा:
मधेच विचारतो, एएमडीवर सगळी सॉफ्टवेअर नीट चालतात ना? आमच्याकडे अजून असं म्हणतात की अकाउंटिंगची वगैरे सॉफ्टवेअर इंटेलवरच चालतात.

रात्रपाळी:
चालतात हो, ही भीती आता सोडा. आज आपण जे ६४ बिट विंडोज वापरतो ते ज्या इन्स्ट्रक्शन सेटवर चालतं तो मुळात एएमडीनेच काढला, २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि अॅथलॉन ६४ मधून आला आणि नंतर इंटेलने तोच घेतला. अजूनही कितीतरी इन्स्टॉलर फाइलींच्या नावात एएमडी६४ असतं आणि ती फाइल इंटेलवरही तीच चालते.

आता मूळ मुद्दा. तेरावी-चौदावी जनरेशन सुचवताना २०२४ मध्ये काय झालं ते सांगायला नको का? चालू गेम बंद पडणं, ब्लू स्क्रीन, गेम उघडताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) कम्पाइल होताना ग्राफिक्स मेमरी संपल्याचा एरर, आणि लोक बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. शेवटी निघालं काय, तर प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतलं सर्किट हळूहळू खराब होत होतं. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट) दिला, सप्टेंबरात अजून एक दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण जो प्रोसेसर आधीच खराब झालाय तो अपडेटने बरा होत नाही. घरच्या माणसाला हे कळणार कसं? तो विंडोज फॉरमॅट मारत बसेल.

हिशोबी:
अर्धंच सांगितलंत. वाढीव वॉरंटीच्या यादीत आय५ मधले १३६००के, १४६००के आणि वरचे आय७, आय९ आहेत, १४४०० त्यात नाही. मी घरच्या वापराला कधीच के वाला (वेग वाढवता येणारा) सुचवत नाही. १४९००के तर टर्बोला (पूर्ण जोरात पळताना) २५३ वॉटपर्यंत जातो, तो घरात कशाला हवाय.

आणि एएमडीचं २०२३ विसरलात का? एप्रिलमध्ये ७०००एक्स३डी चे प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे फोटो आले होते. तिथेही कारण व्होल्टेजच, बोर्डवर एसओसीचं (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) व्होल्टेज जास्त जात होतं, मग एएमडीने बायोसमधून १.३ व्होल्टची मर्यादा घातली. दोन्हीकडे एकच धडा आहे, बोर्ड आल्या आल्या बायोस अपडेट करा.

रात्रपाळी:
एएमडीने मर्यादा घातली आणि विषय आटोक्यात आला. इंटेलच्या ग्राहकांना मूळ कारण कळायला कित्येक महिने गेले. माझा राग त्या उशिरावर आहे, दोष तर कुणाच्याही चिपमध्ये निघू शकतो.

कॅमेरावाला:
व्हिडिओचा विषय निघालाय म्हणून सांगतो, इथे सगळे गेमच्या अंगाने बोलतायत. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक (व्हिडिओ हाताळणारं खास हार्डवेअर) असतं, २०११ पासून आहे आणि ते एडिटिंगला खरंच उपयोगी पडतं. मी मिररलेस कॅमेऱ्यावर १० बिट ४:२:२ मध्ये (रंगाची जास्त माहिती ठेवणारा प्रकार) शूट करतो. ती एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) फाइल इंटेलच्या अकराव्या जनरेशननंतरच्या आतल्या ग्राफिक्सवर टाइमलाइनवर सरळ पळते. रायझनमधलं ग्राफिक्स या प्रकाराला हार्डवेअर डिकोड देत नाही, मग सगळा भार कोअरवर पडतो, पंखा ओरडायला लागतो आणि प्लेहेड ओढला की चित्र मागून धापा टाकत येतं. मग आधी प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवा, त्यात वेळ घालवा. माझ्यासारख्या कामाला कार्ड न घेता मशीन हवं असेल तर इंटेलच, यात दुमत व्हायचं कारण नाही. फक्त मागे एफ लागलेला मॉडेल उचलू नका, त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे क्विक सिंकही गेलं आणि कार्डशिवाय मॉनिटरवर चित्रही येणार नाही.

चौकस यांचे व्हिडिओ फोनचे आहेत, फोन साधारण ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतो, ते रायझनवर व्यवस्थित चालेल.

चौकस:
हे मान्य. तुमच्या कामाला मीही इंटेलच म्हणेन. माझा दावा घरच्या साध्या वापराबद्दल आहे.

शांतघर:
घरच्या वापराबद्दलच बोलायचं तर एक गोष्ट कोणी काढली नाही. घरचा पीसी दिवसातला बहुतेक वेळ काहीच करत नसतो, पान वाचतोय, गाणं लागलंय. रायझन ७६०० मध्ये कोअर एका चिपवर आणि मेमरी कंट्रोलर वगैरे दुसऱ्या चिपवर, त्या दोघींमधला दुवा सतत चालू ठेवावा लागतो म्हणून रिकामं बसलेलं असतानाही तो इंटेलपेक्षा जरा जास्त वीज खातो. भर कामात उलटं होतं. ७६०० साधारण ८८ वॉटला थांबतो, १४४०० चा टर्बोचा आकडा १४८ वॉट आहे. मी रात्री पीसी चालूच ठेवते, बॅकअप चालू असतो, म्हणून मला रिकाम्या वेळेचा हिशोब महत्त्वाचा वाटतो आणि माझं मत इंटेलला. ८०००जी मात्र एकाच चिपवर असतात, त्यांना हा आक्षेप लागू नाही.

जुनाजाणता:
सॉकेटच्या आश्वासनावर थोडं. एएम४ ची गोष्ट आज सगळे गौरवाने सांगतात पण ती आपोआप घडलेली नाही. २०२० मध्ये एएमडीने आधी सांगितलं होतं की ४०० सिरीजच्या बोर्डांवर रायझन ५००० चालणार नाही, काही बोर्डांची बायोसची चिप १६ एमबीची, तिच्यात सगळे प्रोसेसर मावत नाहीत हे एक कारण दिलं. लोकांनी जाम आरडाओरडा केला तेव्हा निर्णय फिरवला. ३०० सिरीजला तर अधिकृत सपोर्ट २०२२ मध्ये मिळाला. आणि कंपनीने हो म्हटलं तरी बायोस द्यायचं काम बोर्डवाल्याचं. माझ्या बोर्डच्या कंपनीने तो इतका रखडवला की मी नाद सोडला होता. म्हणून ज्यांना अपग्रेडचा रस्ता हवाय त्यांनी बोर्ड घेताना त्या कंपनीच्या जुन्या बोर्डांचं सपोर्ट पान उघडून बघावं, शेवटचा बायोस किती साली दिलाय ते. त्यावरून खूप कळतं.

आणि एएम४ वाले अजून कोणी प्रोसेसर बदलणार असतील तर एक सांगतो. त्यात पिना प्रोसेसरला असतात. जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ कामाला लावून गरम करा, मग बंद करा, प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडे हलक्या हाताने फिरवत पेस्ट सुटू द्या आणि मगच उचला. एएम५ मध्ये पिना बोर्डवर गेल्या, इंटेलसारख्या, त्यामुळे हा प्रकार संपला.

गेमवेडी:
अहो पण कार्ड नाही म्हणताय आणि मुलगा गेम खेळतो म्हणताय, मग ७६०० आणि १४४०० यांच्यात वाद घालून काय फायदा? दोन्हींतलं आतलं ग्राफिक्स मॉनिटर चालवण्यापुरतं. रायझन ५ ८६००जी बघा, त्यात रेडिऑन ७६०एम आहे, हलके आणि जुने गेम १०८०पी रिझोल्यूशनवर सेटिंग खाली आणून आरामात खेळता येतात. इंटेलच्या १४४०० मधलं यूएचडी ७३० त्याच्या आसपासही नाही, इथे कुठलाच वाद नको.

फक्त रॅम दोन स्टिकमध्ये घ्या. १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन. आतलं ग्राफिक्स मेन रॅमच वापरतं, एकाच स्टिकवर बँडविड्थ अर्धी होते आणि गेम अडखळतो, आणि लोक म्हणतात एएमडी बेकार. मैत्रिणीच्या पीसीत नेमकं हेच होतं, दुसरी स्टिक टाकली आणि तोच गेम खेळण्यालायक झाला, बाकी काही बदललं नव्हतं. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरून पॉवर काढू नका, एएम५ पहिल्या वेळी डीडीआर५ तपासून जुळवून घेतं, त्याला काही मिनिटं लागू शकतात.

हिशोबी:
८६००जी चा सल्ला या वापराला चांगला आहे, मी विरोध करणार नाही. पण चौकस, मग तुमचाच मुद्दा परत बघा. पुढे कार्ड घ्यायचं म्हणताय. ८६००जी कार्डला पीसीआयई ४ च्या (कार्डशी जोडणीचा मार्ग) ८ लेन देतो, १६ नाही, आणि एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १६ एमबी, ७६०० ला ३२ आहे. चांगलं कार्ड लावलं की ७६०० पुढे जातो. म्हणजे कार्ड येईल तेव्हा तुम्हाला प्रोसेसरही बदलावासा वाटणार.

चौकस:
वाटला तर बदलेन, त्याच बोर्डवर! मी पहिल्यापासून तेच सांगतोय. आज ८६००जी, उद्या कार्ड आलं आणि गरज वाटली तर त्याच सॉकेटवर एक्स३डी (जास्त कॅशवाला प्रोसेसर). चौदाव्या जनरेशनच्या बोर्डवर पुढे कोणती नवी पिढी येणार आहे सांगा. ८६००जी, बी६५० बोर्ड, ८ च्या दोन स्टिक, हे नक्की करतोय.

जुनाजाणता:
बी६५० घेताय तर एक तपासा. तो चिपसेट (बोर्डवरची मुख्य चिप) ८०००जी च्या आधीचा आहे, बरेच दिवस बॉक्समध्ये पडून असलेला बोर्ड मिळाला तर त्यातला बायोस या प्रोसेसरला ओळखणार नाही आणि चित्रच येणार नाही. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घ्या, पेनड्राइव्हवर फाइल टाकून प्रोसेसर न बसवताही अपडेट होतो. फाइलचं नाव बोर्डच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं तेच ठेवा, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा.