मदत हवी आहे : पुतण्याचं कायदेशीर पालकत्व

आम्ही केज तालुक्यातले. पुतण्या यंदा 18 चा होतोय, बौद्धिक अक्षमता आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंय. शेळ्या राखतो, सोयाबीनच्या काढणीत राबतो, म्हणून भावकीला तो नुसता भोळा वाटतो. शाळेत मात्र पहिल्या वर्षापासूनच मागं. आता सगळे म्हणायलेत, "लग्न लावा, सुधरंल." (येणाऱ्या पोरीचा विचार कुणालाच नाही!)

1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती अशा व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमते, एवढं माहीत आहे. बीड, लातूर, धाराशिवकडं कुणी हे केलंय का? कागदपत्रं कोणती लागली? पोराला समितीपुढं न्यावं लागतं का? आणि लग्नाचा हट्ट धरलेल्या आजीला काय सांगावं?