संवाद ऐकू यावेत म्हणून होम थिएटरमध्ये आधी काय घ्यावं?

प्रश्न
खोली १२ बाय १५ फूट. सिनेमा लावला की आई दर दोन मिनिटांनी विचारते, "काय म्हणाला तो?" आवाज वाढवावा, तर पुढच्याच प्रसंगात मारामारी सुरू होते आणि खिडक्या थरथरतात. तिला थोडं कमी ऐकू येतं, पण शब्द मलाही नीट लागत नाहीत. ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर) घ्यायचंय, मात्र सगळं एकदम जमणार नाही. १००० वॅट लिहिलेला तयार संच घेऊ का?

प्रतिसाद १
खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका, तो आकडा बऱ्याचदा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. ८ ओहमच्या स्पीकरला, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्ट्यात, दोन चॅनेल चालू असताना रिसीव्हर (स्पीकरना ताकद पुरवणारा मुख्य डबा) किती वॅट देतो ते बघा. आवाज ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात, म्हणून स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटला तो किती मोठा आवाज देतो, तेही तपासा.

प्रतिसाद २
आमच्याकडे वडिलांचं हेच होतं. मी आधी भलामोठा सबवूफर आणला आणि पैसे चुकीच्या जागी घातले. ५.१ मध्ये बहुतेक संवाद मधल्या, सेंटर स्पीकरमधून येतात. त्यामुळे आधी रिसीव्हर, सेंटर आणि पुढचे दोन घ्या, तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतले. मागचे नंतर आले तरी चालतील.

आणि सेंटर कपाटात आत ढकलू नका. माझा तसा होता, माणसं डब्यात तोंड घालून बोलताहेत असं वाटायचं. कडेपर्यंत पुढे ओढला, खाली रबराचे तुकडे सरकवून तोंड कानांकडे केलं. रिसीव्हरमध्ये सेंटर ३ डेसिबलने वाढवला, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवला, मोठे आणि हळू आवाज यांतला फरक कमी करणारा नाइट मोड लावला. त्या रात्री वडिलांनी अख्खा सिनेमा एकदाही न विचारता पाहिला.

प्रश्नकर्ता
खूप आभार. आई सोफ्याच्या डाव्या टोकाला बसते, त्याने फरक पडेल?

प्रतिसाद २
पडेल. सेंटर नसेल तर तिला संवाद डाव्या स्पीकरमधूनच आल्यासारखे वाटतील. सेंटर घेतानाही बघा: दोन वूफर (जाड आवाजाचे) आडवे आणि मध्ये फक्त ट्वीटर (बारीक आवाजाचा) असेल, तर बाजूला बसणाऱ्याला शब्द दबलेले येऊ शकतात. ट्वीटरच्या खाली मधल्या आवाजांसाठी छोटा मिडरेंज असलेला थ्री-वे (तीन पट्ट्यांत आवाज वाटणारा) मिळाला तर उत्तम. आईंना सोबत न्या आणि ऐकताना त्यांना मुद्दाम बाजूलाच बसवा.